लग्न बेने इस्राएलांचं, ढोलकी आपली



आपल्यातले कितीतरी बचत गट आता लग्नाची कामं घेतात. कुणी रुखवत मांडून देतं, कुणी तांदळाच्या भाकऱ्या करून देतं, कुणी मेंदी काढतं. आमच्या तळोज्याच्या गटातल्या आठ जणी हळदीला ढोलकी आणि टाळ घेऊन गाणी म्हणायला जातात. आजूबाजूची बहुतेक लग्नं आगरी, कोळी, कराडी घरांतली. त्यामुळे काय गायचं हे आम्हाला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. गेल्या थंडीत मात्र पनवेलच्या एका बेने इस्राएल घरातून फोन आला, आणि पहिल्याच भेटीत आमची गाण्याची वही मिटून ठेवायची वेळ आली. पुढे त्याच लग्नात आम्ही गायलो आणि मनापासून गायलो. मधल्या काळात काय शिकलो ते आज सांगतो, कारण असं बोलावणं उद्या तुमच्याही गटाला येऊ शकतं.

आधी बेने इस्राएल म्हणजे कोण ते. हे आपल्या रायगडातले ज्यू. त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या आणि त्यांचाच वंश कोकणात वाढला, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. इथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं आपल्याच गावांवरून: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. जुन्या हिंदी सिनेमातले डेव्हिड तुम्हाला आठवत असतील, ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे मूळ चौलचे. घरातली भाषा मराठी. पनवेलमधलं त्यांचं बेथ एल हे प्रार्थनाघर १८४९ सालचं आहे, म्हणजे आपल्या देशात पहिली आगगाडी धावली त्याच्याही आधीचं. आम्ही बाजाराला जाताना त्यावरून कितीदा गेलो असू, पण आत काय असतं ते कधी विचारलं नव्हतं. १९४८ मध्ये इस्राएल देश झाला, त्यानंतर बरीचशी घरं तिकडे गेली. आता इथे थोडी उरली आहेत.

फोन मुलीच्या आईचा होता. त्यांना डीजे नको होता. घरात ऐंशी ओलांडलेली आजी आहे, तिला लग्न जुन्या पद्धतीचं हवं, माणसांनी वाजवलेलं, माणसांनी गायलेलं. घरातल्या नातवाचं म्हणणं वेगळं. त्याने मोबाईलवर ज्यू लग्नाची गाणी शोधून ठेवली होती. त्यात पहिलं होतं ‘हावा नगीला’. चाल जोशाची आहे, ऐकलं की पाय हलतात. आजीने ते ऐकलं आणि म्हणाली, “छान आहे रे. पण माझ्या लग्नात हे कुणी म्हटलं नव्हतं.”

आजीचं खरं होतं. ती चाल पूर्व युरोपातल्या ज्यूंची, आणि तिच्यावर हिब्रू शब्द बसवले गेले ते जेरुसलेममध्ये, १९१८ च्या सुमाराला. ज्यू माणसं जगात जिथे जिथे राहिली तिथलं संगीत त्यांच्या लग्नात आलं. पूर्व युरोपात लग्नात व्हायोलिन आणि क्लॅरिनेट वाजायचं. येमेनमध्ये बायका पत्र्याच्या डब्यावर नाहीतर तांब्याच्या ताटावर ठेका धरून गायच्या. केरळात कोचीच्या ज्यू बायकांची लग्नाची गाणी मल्याळममध्ये आहेत. त्या ती वह्यांत उतरवून ठेवायच्या आणि वही आईकडून लेकीकडे जायची. मग रायगडच्या ज्यू लग्नाचं जुनं संगीत कुठलं? जे रायगडात वाजतं तेच. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला, तो पुढे १९३७ मध्ये छापला गेला. त्यात लग्नाच्या चालीरीती सविस्तर आल्या आहेत. हळद, मेंदी, नवऱ्याच्या तोंडावर फुलांचा शेरा, घोड्यावरून वरात, सगळं आपल्या ओळखीचं. म्हणून आजी आम्हाला बोलवा म्हणत होती. तिला परकं काही आणायचं नव्हतं.

आम्ही मोठ्या उत्साहाने गेलो. वही उघडली. पहिलं गाणं गणपतीचं. दुसरं एकवीरा आईचं. तिसऱ्यात खंडोबा, चौथ्यात तुळस, पाचव्यात पंढरी. मुलीची आई शांतपणे ऐकत होती. सातव्या गाण्यापर्यंत आमचा आवाज आपोआप बारीक झाला. आमच्या गटात एक धवलारीण मावशी आहेत. तुम्हाला ठाऊकच आहे, आगरी लग्नात धवलारीण असल्याशिवाय पान हलत नाही. मांडवाच्या प्रत्येक विधीला तिचे धवले लागतात. मावशींनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “अगो, यांच्यान्‌ देवाचा नाव घ्यायचा नाय, मंग आमी गानार काय?”

आजी हसली. म्हणाली, “बाई, देव आमच्यातही आहे. एकच आहे, आणि त्याची मूर्ती नाही. बाकी हळद आहे, मेंदी आहे, बांगड्या आहेत, माहेर आहे, सासू आहे. एवढ्यांवर गाणी नाहीत का तुमच्याकडे?”

बसलो मग वही घेऊन. एकेक गाणं ओळ ओळ वाचलं. गंमत अशी की सुरुवातीचं नमन सोडलं तर पुढचं गाणं बरेचदा बाईच्या जगण्याचंच असतं. जात्यावरच्या ओव्यांत तर आई, भाऊ, माहेरची वाट हेच जास्त. बांगड्या भरण्याची, हळद कुटण्याची, विहिणींनी एकमेकींना चिमटे काढण्याची गाणी जशीच्या तशी चालली. काही गाण्यांत शेवटच्या कडव्यात देव होता. आम्ही ती गाणी सोडून दिली. देवाचं नाव काढून तिथे दुसरं काही घालायचं, हे आम्हालाच बरं वाटेना. एखादीच्या श्रद्धेचं गाणं आहे, त्याची मोडतोड कशाला? बावीसपैकी नऊ गाणी उरली. नऊ पुष्कळ झाली.

पुढची चूक तारखेची. लग्न रविवारी होतं. आम्ही आपल्या सवयीने म्हटलं, शनिवारी दुपारी येतो, मांडवात बसून थोडी तालीम करतो, संध्याकाळी मेंदी. मुलीची आई म्हणाली, “शनिवारी आमचा शब्बाथ.” शुक्रवारी सूर्य मावळला की तो लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. तेवढ्या वेळात काम नाही, चूल पेटवायची नाही, वाद्य वाजवायचं नाही. म्हणजे मेंदी शनिवारी रात्रीच, तारे दिसल्यावर. लग्नं बरेचदा रविवारी असतात, नाहीतर मंगळवारी. मंगळवार त्यांच्यात शुभ, कारण देवाने जग निर्माण केलं त्या कथेत तिसऱ्या दिवशी ‘चांगलं आहे’ हे दोनदा येतं. आपल्यात मंगळवारी लग्नाचं नाव काढलं तर चार जणी भुवया उंचावतात.

वर्षातही काही काळ लग्न आणि वाजंत्री वर्ज्य असतं. वल्हांडणाचा सण मार्च-एप्रिलमध्ये येतो, त्याच्यानंतरच्या काही आठवड्यांत लग्नं टाळतात. नेमके आपल्या लग्नसराईचे दिवस. दुसरा काळ पावसाळ्यात, जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या दुखवट्याचे तीन आठवडे. त्यांच्या शेवटी उपास येतो. आजीच्या आईच्या तोंडी त्याचं नाव होतं बिरड्याचा रोजा, कारण त्या वेळी वालाचं बिरडं करायचे. वाल सोलून सोलून आपली बोटं सुरकुततात, आणि त्याच बिरड्यावरून कुणाच्या उपासाला नाव पडलं आहे, हे ऐकून आमच्या बायका फार हरखल्या. तर अशा घरातून काम आलं की आधी तारीख घरच्यांकडून पक्की करून घ्या आणि मगच वाजंत्रीवाल्याला शब्द द्या.

मंदिराचं आत्ता म्हटलं, त्याचा संगीताशी थेट संबंध आहे. जेरुसलेमच्या मंदिरात पूर्वी वाद्यं वाजत. रोमन सैन्याने ते मंदिर सन ७० मध्ये पाडलं. तेव्हापासून दुःख म्हणून प्रार्थनेत वाद्य वाजवायचं नाही, अशी रीत पडली. ती आजही जुन्या वळणाच्या प्रार्थनाघरांत पाळतात. लग्नाला मात्र सूट आहे, कारण नवरा-नवरीला आनंद देणं हे त्यांच्यात पुण्याचं काम मानतात. तरी लग्न प्रार्थनाघराच्या आत असेल तर काय चालेल हे तिथल्या हज्जानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, विचारायचं. कुठे थोडं चालतं, कुठे नाही. आमच्या लग्नात ठरलं ते असं: फाटकापर्यंत वाजंत्री, आत फक्त माणसाचा गळा.

आता त्या आतल्या गाण्याकडे येतो. आम्हाला सगळ्यात जास्त आवडली ती ही गोष्ट. बेने इस्राएल लग्नात नवरी दारातून आत येते तेव्हा नवरा समोर उभा राहून तिच्यासाठी गातो. स्वतः, मोठ्याने, सगळ्यांसमोर. गाणं हिब्रू आहे, ‘योनाती’ या शब्दाने सुरू होतं. योनाती म्हणजे माझी कबुतरी. ती हळूहळू चालत येते आणि तो गात राहतो. आमच्यातल्या एकीने लगेच विचारलं, “आणि नवऱ्याला गाता येत नसेल तर?” आजी म्हणाली, “तरी गातो. माझा नवरा फाटक्या गळ्याचा होता. ते गाणं मी साठ वर्षं विसरले नाही.”

ह्या लग्नातला नवरा ठाण्याचा. त्याला हिब्रू वाचता येत नव्हतं. म्हणून गाणं देवनागरीत लिहून घेतलं होतं. ही सोय जुनीच आहे. बेने इस्राएलांनी मराठीत प्रार्थनेची पुस्तकं काढली, त्यात हिब्रू शब्द आपल्या बाळबोध लिपीत छापले. त्यांच्या वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक हिब्रू आणि मराठीत मुंबईला १८४६ मध्ये छापलं गेलं, पुण्याला १८७४ मध्ये. नवऱ्याच्या मामांनी चाल मोबाईलवर म्हणून पाठवली होती. तो महिनाभर कामावर जाता-येता लोकलमध्ये ऐकत होता. नातवाने सुचवलं होतं की त्या वेळी स्पीकरवर चांगल्या गायकाचं रेकॉर्ड लावू. आजीने एका शब्दात उडवून लावलं. आम्हालाही वाटतं, लग्नात एका जागी जरी जिवंत आवाज हवा असेल तर तो इथे. बाकी ठिकाणी पैसे वाचवा.

कीर्तनाचंही बोलणं निघालं. हो, त्यांच्यातही मराठी कीर्तन आहे. साधारण १८८० पासून मुंबईत बेने इस्राएलांनी आपल्या शास्त्रातल्या कथांवर कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा, आणि रचना साकी, दिंडी, अभंगाच्या. बाजाची पेटी आणि तबला साथीला. आजीने लहानपणी अशी कीर्तनं ऐकली होती. लग्नाच्या आदल्या दिवसांत असं कीर्तन ठेवावं अशी तिची फार इच्छा. पण ते करणारं कुणी जवळपास मिळालं नाही. घरच्यांनी पुष्कळ फोन केले. तो विचार सोडावा लागला.

(जाता जाता एक. आकाशवाणी सुरू होताना जी धून वाजते, ती आपण लहानपणापासून चुलीपुढे बसून ऐकली. ती बांधण्याचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. ते युरोपातले ज्यू संगीतकार, १९३४ साली मुंबईला आले होते. रेडिओवर बोलताना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

बाहेरच्या वाजंत्रीचे तीन पर्याय होते. बेंजो पार्टी, ब्रास बँड आणि खालूबाजा. बेंजोबरोबर मोठे स्पीकर आले असते, ते आजीला नको होते. बँड चांगला होता पण प्रार्थनाघराच्या रस्त्यावर एवढी माणसं मावणार कुठे, हा प्रश्न. खालूबाजा पाच जणांचा, सनई, ढोल, ताशा. आवाज खणखणीत, जागा कमी लागते. शिवाय आम्ही हुशारी केली होती: यात शब्दच नाहीत, म्हणजे देवांच्या नावांची अडचण नाही. ही हुशारी कशी फसली ते पुढे सांगतो.

पाहुण्यांत इस्राएलहून येणारे काही जण जरा कडक पाळणारे होते. कडक पाळणाऱ्या ज्यूंमध्ये पुरुष परक्या बाईचं गाणं ऐकत नाहीत. आपल्याकडचे बेने इस्राएल सहसा एवढं धरत नाहीत, पण मुलीच्या आईने आम्हाला हे आधीच सांगितलं, ते बरं केलं. आमच्यात दोघींना राग आला. बाईचा आवाज ऐकायचा नाही म्हणजे काय? आम्ही त्यावर घरी येऊन बराच वाद घातला. शेवटी असं ठरलं की मेंदी बायकांच्या खोलीत होणार, आम्ही तिथे मोकळ्या गळ्याने गाणार, आणि ज्याला ऐकायचं नसेल तो अंगणात बसेल. आम्ही आवाज कमी करणार नाही. मुलीची आई म्हणाली, “मलाही तेच हवं आहे.”

मग पैशांचं. आपल्या बायका इथेच अडखळतात. खालूबाजावाल्याने फोनवर पहिल्या वाक्यात आकडा सांगितला. आम्हाला विचारलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. गाण्याचे पैसे काय मागायचे? धवलारणीला साडी, नारळ, तांदूळ मिळतात, जे मिळेल ते घ्यायचं अशीच सवय. मावशी तर म्हणाल्या, “लेकीच्या लगनाला पैशे कशे मागू?” पण आठ जणींची एक संध्याकाळ, तालमीचे चार दिवस, रात्री परतायला टेम्पो. शेवटी आठ हजार सांगितले, टेम्पो वेगळा. मुलीच्या आईने लगेच हो म्हटलं, आणि आम्हाला दोन दिवस वाटत राहिलं की कमी सांगितले.

मेंदीची रात्र. आम्ही साडेसहाला पोचलो. ढोलकी पिशवीतून काढली नव्हती. पोरं गच्चीवर तारे शोधत होती. थंडीचे दिवस, पण आपल्याकडचं आकाश तुम्हाला माहीत आहे, कारखान्यांचा धूर आणि रस्त्यावरचे दिवे. एक तारा दिसला, दुसरा दिसला, तिसरं निघालं विमान. शेवटी घरच्यांनी घड्याळाप्रमाणे वेळ धरली. आधी दिव्याची आणि सुगंधी मसाल्याची छोटी प्रार्थना झाली, त्याने शब्बाथ सुटतो. मग आम्ही ढोलकीला हात लावला.

मेंदी आधी नवरीला, मग सगळ्यांना. आमची नऊ गाणी झाली. विहिणीच्या गाण्यावर तर इस्राएलहून आलेली एक पाहुणी एवढी हसली की तिची मेंदी फिसकटली. तिला हिब्रूइतकीच मराठी येत होती, आणि मराठीही कशी, तर आजीच्या वेळची, आता आपण बोलत नाही तसे शब्द. नऊ संपल्यावर सगळ्या म्हणायला लागल्या, अजून. आता काय म्हणायचं? तेव्हा आजीने मावशींना रिबकेची गोष्ट सांगितली. अब्राहामाचा चाकर मालकाच्या मुलासाठी मुलगी शोधायला दूरदेशी जातो. विहिरीवर थांबतो. मनात ठरवतो, जी मला पाणी देईल आणि माझ्या उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच ही मुलगी. तेवढ्यात खांद्यावर घागर घेऊन रिबका येते.

मावशी डोळे मिटून बसल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण धवला रचायचा म्हणजे गोष्ट गळ्यात उतरवायची, हे त्यांना आयुष्यभर येतं. थोड्या वेळाने जात्याच्या चालीत त्यांनी उचललं:

रिबका भरी पाणी, घागर खांद्यावरी
वाटसरू तहानेला, आधी त्याला पाजी नारी

दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा खोलीतल्या सगळ्या बायका धरत होत्या. आजी धरत होती. मग ओळीमागून ओळी आल्या, उंट आले, बांगड्या आल्या, भावाचा निरोप आला. कुणी मोबाईल चालू केला होता म्हणून बरं, नाहीतर मावशींना सकाळी त्यातलं काही आठवत नव्हतं.

रविवारी वरात निघाली. नवऱ्याच्या डोक्याला मोगऱ्याचा शेरा. खालूबाजा पुढे. सनईवाल्याने दोन कोळीगीतं झकास वाजवली आणि तिसरी धून सुरू केली. पाच सूर वाजले नाहीत तोच आमच्या पोटात गोळा आला. ती एका आरतीची चाल होती. शब्द नव्हते, पण रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात ते आपोआप उमटले. मुलीचे काका गर्दीतून वाट काढत आमच्याकडे बघायला लागले. मावशी सरळ सनईवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हाताने होडी वल्हवायची खूण केली. त्याने त्याच दमात चाल फिरवली. चूक त्याची नव्हतीच. आम्ही त्याला शब्दांचं सांगितलं होतं, चालींचं सांगितलंच नव्हतं. आता आम्ही वाजवणाऱ्यांकडून चालींची नावं आधी घेतो आणि घरातल्या जुन्या माणसाला वाचून दाखवतो.

फाटकाशी वाजंत्री थांबली. एवढ्या आवाजानंतर ती शांतता अंगावर आली. आम्ही डोक्यावर पदर घेऊन मागे बसलो. नवरी पांढऱ्या साडीत दाराशी उभी राहिली आणि नवऱ्याने गायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला त्याचा आवाज कापत होता. मामा शेजारून हळूच सूर देत होते. दुसऱ्या कडव्यात तो चुकला, थांबला, हातातल्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा धरलं. नवरी चालायची थांबली आणि तो सूर सापडेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग दोघंही पुढे निघाले, एक गाण्यात, एक पायांनी. नंतर करारपत्र वाचलं गेलं, त्याला केतुबा म्हणतात. बायकोला काय द्यायचं, तिची काय जबाबदारी घ्यायची ते त्यात लिहिलेलं असतं. सात आशीर्वाद म्हटले गेले. शेवटच्या आशीर्वादात नवऱ्याच्या आणि नवरीच्या आनंदाच्या आवाजाचा उल्लेख आहे, असं आजीने कानात सांगितलं. पेला फोडला, आणि बाहेर ताशा कडाडला. जेवणाच्या हॉलमध्ये नातवाने आपलं ‘हावा नगीला’ लावलंच. आजी नाचली.

चार दिवसांनी आम्ही पैसे घ्यायला गेलो तेव्हा आजीने कपाटातून एक वही काढली. तिच्या आईची. कडा तेलकट, मधली पानं सुटलेली. त्यात चौदा मराठी गाणी, काही लग्नाची, काही बारशाची, काही एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याला म्हणायची. मलिदा म्हणजे गोड पोहे, त्यात खोबरं, सुका मेवा, फळं. एलियाहू संदेष्ट्याची आठवण करून तो करतात. आजी म्हणाली, “हे आधी दाखवायला हवं होतं. पण मला वाटलं, कोण वाचणार.” आमच्या गटातल्या दोघी मुली रोज संध्याकाळी जाऊन ती वही उतरवून घेत आहेत, आणि आजी म्हणते तसं रेकॉर्ड करत आहेत. चौदांपैकी सहा गाण्यांच्या चाली आजीला येतात. उरलेल्या आठांचे शब्द आहेत, चाल नाही. तिची धाकटी बहीण इस्राएलमध्ये अश्दोदला असते. तिला कदाचित आठवत असेल म्हणून आम्ही आठही गाणी वाचून पाठवली आहेत. अजून उत्तर आलेलं नाही.